वाक्य संपल्यावर

माझ्या नवऱ्याने संन्यास घ्यायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या वाटेत एकच अडचण होती, ती म्हणजे मी. शास्त्र असं सांगतं की गृहस्थाला बायकोच्या संमतीशिवाय भगवी वस्त्रं घेता येत नाहीत. तिने चार माणसांसमोर, स्वच्छ शब्दांत हो म्हणायला हवं. एरवी आमच्या घरात मला कोणी काही विचारत नसे. आज वांगी की पडवळ, एवढाच काय तो माझा अधिकार, आणि सासूबाई होत्या तोवर तोही नव्हता. आता एकाएकी एका माणसाचा मोक्ष माझ्या जिभेवर येऊन बसला. आज लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. हो म्हटलं तर घर उघडं पडणार. नाही म्हटलं तर एका जिवाच्या कल्याणाच्या आड आल्याचं पाप माथी येणार. आणि देवावरचा माझा विश्वास त्या दिवसांत इतका पातळ झाला होता, की देवापुढे दिवा लावताना हात नुसता सवयीने हलत असे.

त्याच उन्हाळ्यात आमचा धाकटा मुलगा तापाने गेला होता. त्याला तिसरं लागलं होतं, जावळ काढायचं राहिलं होतं. एवढ्या लहान लेकराला आमच्यात अग्नी देत नाहीत. तिरडी नाही, दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही. बापाने हातांवर उचलून न्यायचं, नदीकाठी मातीत ठेवायचं आणि आंघोळ करून परत यायचं. यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरिएटात आपल्या टेबलापाशी हजर झाले. संध्याकाळी आले तेव्हा मी भिंतीशी बसून रडत होते. माझ्याजवळ उभे राहून अगदी शांतपणे म्हणाले, "जो जन्मलाच नाही, तो मेला कुठून? कोणासाठी रडून राहिली तू?" हे वाक्य मी माझ्या माहेरी हजारदा ऐकलं होतं. ते खरं आहे असंच मानत आले होते. पण त्या संध्याकाळी ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर घरात मुलाचं नाव निघेनासं झालं. आमची मोठी मुलगी कमल, तिलाही न सांगता कळलं की ते घ्यायचं नाही. आणखी एक बारीकशी गोष्ट झाली. यांनी भाकरी सोडली. ज्वारीची भाकरी म्हणजे आमच्याकडचं रोजचं अन्न, पण "पोटाला जड पडते, माझ्यापुरत्या पोळ्याच कर" म्हणाले. हाही वैराग्याचाच एक प्रकार असेल असं समजून मी पोळ्या करू लागले.

वेदान्ताला मी नवखी नव्हते. माझे वडील महाल नावाच्या आमच्या वस्तीतल्या एका पाठशाळेत वेदान्त शिकवत. मुलींना शिकवायची चाल नव्हती, पण मुलींनी ओसरीवर बसून वाती वळायला मनाई नव्हती. वाती वळता वळता मी सगळं ऐकलं. दोरी आणि तिच्यावर दिसणारा साप, घड्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश, सोनं आणि सोन्याचे दागिने. माझ्या रुखवतात भांडी कमी आणि दृष्टान्तच जास्त होते, अशी वडील थट्टा करत. एकदा मी त्यांना विचारलं होतं, "बाबा, तुमचे सगळे विद्यार्थी एकच वाक्य बोलतात आणि तुम्हीही तेच बोलता. मग कळलेला कोण आणि न कळलेला कोण, हे ओळखायचं कसं?" वडील म्हणाले, "पोपट आणि ज्ञानी, दोघंही एकच वाक्य बोलतात बेटा. वाक्य काय ऐकायचं! वाक्य संपल्यावर काय होते ते पाहा." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही, पण ते लक्षात राहिलं.

यांना गुरू हवा होता. आधी सापडला तो तेलंगखेडीच्या बागेजवळ उतरलेला एक मौनी बाबा. कचेरी सुटली की हे त्याच्यापुढे जाऊन बसत आणि घरी येऊन सांगत, "मी विचारलं, ब्रह्म म्हणजे काय? त्यांनी नुसते डोळे मिटले. अगं, याहून मोठं उत्तर कोणतं असणार? जे खरं आहे ते बोलताच येत नाही." मीही एकदा जाऊन आले. मला बाबाचा एक गाल सुजल्यासारखा वाटला, पण यांच्यापुढे तसं बोलायची सोय नव्हती. पुढे कोणा वैद्याने बाबाची दाढ काढली आणि बाबा जो बोलायला लागला तो थांबेचना. दुधावर साय नसते, घोंगडी टोचते, मागच्या गावचे लोक महाकंजूष. त्यानंतर दोन दिवस हे घरात माझी नजर चुकवत वावरले. अशी चूक वेदान्त वाचलेल्या माणसालाच साधते. दुसऱ्या कोणी आधी गाल पाहिला असता.

पण ओढ कमी झाली नाही. पावसाळा सरता सरता त्यांनी मला सरळ विचारलं, "संमती देतेस का?" मी म्हटलं, "ज्यांच्याकडून घेणार त्यांना मी आधी पाहीन. त्यांना खरंच कळलंय अशी माझी खात्री पटली, तर मी आड येणार नाही. वडिलांची शपथ."

"म्हणजे तू परीक्षा घेणार गुरूची?"

"वांगं घेताना देठ पाहता ना? मग गुरू घेताना काहून नाही पाहायचा?"

ते कधी नव्हे ते हसले आणि कबूल झाले. यात माझी एक चलाखी होती, तीही सांगून टाकते. मला वाटलं होतं, या परीक्षेत कोणी पास होणारच नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असेच सगळे निघतील, एकेकाचं देठ दाखवत मी वर्षंच्या वर्षं काढीन आणि तोवर यांचं मन घरात परत येईल.

मग सीताबर्डीवर एका मालगुजारांच्या बंगल्यात काशीचे एक स्वामी येऊन राहिले. त्यांचं निरूपण ऐकायला वकील, मास्तर, यांच्या कचेरीतले हेडक्लार्क जमत. बायकांसाठी मागे पडदा लावलेला असे. मी दोष शोधायलाच गेले होते आणि मला दोष सापडेना. आवाज गोड, पण मुद्दाम गोड केलेला नाही. जेवण मोजकं. कोणी शाल आणली तर ती दुसऱ्याला देऊन टाकत. एका वकिलाने आडवे-तिडवे प्रश्न विचारून त्यांना डिवचलं, तेव्हा ते रागावले नाहीत आणि न रागावल्याचं प्रदर्शनही केलं नाही. दोरी, साप, घडा, आकाश, सगळं जिथल्या तिथे. डोळे मिटले तर माझे वडीलच बोलत आहेत असं वाटावं.

एके दिवशी निरूपण संपल्यावर हे उठून उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "महाराज, माझा मुलगा या उन्हाळ्यात गेला. पण मला दुःख नाही. जो जन्मलाच नाही, तो मेला कुठून?" स्वामींनी डोळे मिटून मान डोलावली. म्हणाले, "धन्य! याला ज्ञानाचा अधिकारी म्हणतात." सभेतले लोक माना वळवून कौतुकाने यांच्याकडे पाहू लागले. मला राहवलं नाही. मी पडद्यामागूनच विचारलं, "महाराज, तो जन्मलाच नाही, तर मी रडते ती कोणासाठी?"

"माते," ते म्हणाले, "स्वप्नातला मुलगा आणि स्वप्नातलीच आई. जाग आली की दोघंही नाहीत. जी रडते तिला शोध. ती सापडायची नाही."

उत्तर बिनचूक होतं. त्यात शब्दाचीही चूक काढता आली नसती. तरीही मला ते पटेना, आणि का पटत नाही हेही सांगता येईना. हा माझा विवेक बोलतोय की मूल गेलेल्या आईची जखम? की नवरा सोडायचा नाही म्हणून मनाने उकरून काढलेली खोट? तराजू माझाच, मालही माझाच, मग पारडं कुठे झुकतं यावर भरवसा कसा ठेवायचा? रोज स्वयंपाक करताना मी वडिलांची शिकवण आणि स्वामींची शिकवण शेजारी शेजारी ठेवून पाही. एका साच्यातून काढलेल्या दोन करंज्यांसारख्या त्या दिसत. शेजारच्या यमुनाबाई म्हणाल्या, "काहून एवढा इचार करून राहिली वं? नाही म्हणून टाक ना सरळ. पोरीच्या तोंडात घास कोण घालन, तो स्वामी?" मला तसं म्हणता आलं असतं. पण मी वडिलांची शपथ घेतली होती. आणि खरं सांगायचं तर, यांच्या तोंडावर दार आपटून बसणाऱ्या बाईबरोबर यांनी जन्म काढावा, हेही मला नको होतं.

कार्तिकात स्वामी काशीला परत निघणार असं ठरलं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बंगल्यावर जाऊन मी उत्तर द्यायचं होतं. उत्तर होच असणार हे मला कळून चुकलं होतं, कारण नाही म्हणायला माझ्याजवळ एकही प्रामाणिक कारण नव्हतं. आम्ही तिघं महालातून टांग्याने निघालो. वाटेत टेकडीच्या गणपतीला उतरू म्हणून मीच म्हटलं. वर चढून मी हात जोडले. नवस बोलले नाही, गाऱ्हाणं घातलं नाही. एवढंच म्हटलं, "देवा, मला तोलता येत नाही. मी तराजू खाली ठेवते. आता तुला जे करायचं ते कर." किती तरी महिन्यांनी मी देवाशी खरं बोलले होते. बरं मात्र काही वाटलं नाही. रिकामं वाटलं.

उतरताना कमल एकदम किंचाळून खाली बसली. तळपायात बाभळीचा काटा शिरला होता. मी काढायला गेले तर तो आत मोडला. कडेला लिंबाच्या झाडाखाली दगडावर एक म्हातारे संन्यासी बसले होते. भगवी छाटी धुऊन धुऊन विटलेली, शेजारी कमंडलू. ते म्हणाले, "आण वं माय पोरीले इकडं." झाडाझुडपातून त्यांनी दुसरा एक लांब काटा मोडून घेतला, कमलचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि अगदी सावकाश, तिच्याशी गप्पा मारत, आतला तुकडा वर आणला. हे शेजारी उभे होते. यांच्यातला वेदान्ती गप्प बसेल तर ना! म्हणाले, "पाहा महाराज, काट्याने काटा काढायचा आणि मग दोन्ही फेकून द्यायचे. ज्ञानाचंही तसंच आहे." म्हाताऱ्यांनी वर न पाहताच उत्तर दिलं, "हो बाप्पा. पण आधी पाय धरा लागते."

यांना ते विशेष वाटलं नाही. ते शेजारी बसले आणि चौकशी करू लागले. म्हातारे मूळचे वर्ध्याकडचे. काशीला पुष्कळ वर्षं होते. कोणत्या मठात म्हणून विचारलं, तर बंगल्यातल्या स्वामींच्याच मठाचं नाव निघालं. "तो माहा गुरुभाऊ," म्हातारे म्हणाले. "एका चटईवर बसून शिकलो आम्ही. तो माह्याहून लई हुशार." हे खूश झाले आणि आपल्याला काय सापडलं आहे ते दाखवायला मोहरून पुढे सरसावले. तेच वाक्य पुन्हा आलं. माझा मुलगा उन्हाळ्यात गेला, पण मला दुःख नाही, जो जन्मलाच नाही तो मेला कुठून.

कमलचा पाय अजून म्हाताऱ्यांच्या हातात होता. मग यांच्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "नाव काय होतं गा त्याचं?"

खाली स्टेशनात एक गाडी शिट्टी देत होती. हे तिकडे पाहू लागले. शेवटी मीच म्हटलं, "दिनकर. दिनू म्हणायचो आम्ही."

"दिनू," म्हातारे म्हणाले. आपल्याच नातवाला हाक मारावी तसं म्हणाले. "काय खाये दिनू?"

"भाकरीचा पापुद्रा," मी म्हटलं. "आख्खी भाकरी नाही, नुसता वरचा पापुद्रा. तोही माझ्या हातचा चालत नसे. यांच्या ताटातलाच लागे." बोलता बोलता मी थबकले. यांनी भाकरी काहून सोडली ते इतक्या महिन्यांनी मला त्या पायऱ्यांवर बसून कळलं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते लपवलं नाही आणि त्याचं काही केलंही नाही. ते आलं आणि थांबलं. मग छाटीच्या टोकाने तोंड पुसून त्यांनी कमलला विचारलं, "आता दुखते का वं?" ब्रह्माचा एक शब्दही ते बोलले नव्हते.

वडिलांचं बोलणं तेव्हा मला कळलं. दोघं एकाच गुरूचे शिष्य, दोघांपुढे तेच वाक्य ठेवलं गेलं. एकाने त्याला दाद दिली. दुसऱ्याने वाक्य संपू दिलं आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. हा माणूस मी आणि तू असे दोन मानत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. माझ्या मुलाचं जाणं त्याला परकं वाटलं नव्हतं. आणि लगेच मी घाबरले. महिनोन्महिने मी जे शोधत होते ते समोर बसलं होतं, म्हणजे माझी अट पुरी झाली होती, म्हणजे माझं घर गेलं होतं. गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. टांगा खाली उभा होता, बंगल्यावर जाऊन काहीतरी खुसपट काढता आलं असतं. पण नुकतीच मी वर तराजू ठेवून आले होते.

"बंगल्यावर नाही जायचं," मी यांना म्हटलं. "संन्यास घ्यायचा तर यांच्याकडून घ्या. माझी ना नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. "पण हे तर काहीच बोलले नाहीत!"

म्हाताऱ्यांना सगळी हकीकत सांगावी लागली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि मला विचारलं, "मनापासून देतं का वं माय?"

"नाही महाराज. मन तर रडून राहिलं. पण शपथ घेतली आहे आणि खोटं बोलता येत नाही."

"मंग चालते," ते म्हणाले. "मन येते मागून." मला वाटलं होतं ते यांना समजावतील, बाप्पा, लेकरू लहान आहे, घरी जा म्हणतील. तसं काही घडलं नाही. शास्त्राप्रमाणे सगळं करू, एवढं म्हणाले आणि शुक्रवार तलावाकाठच्या एका महादेवाच्या देवळात आपण उतरलो आहोत असं सांगितलं.

पुढचे दिवस कसे गेले ते मी विस्ताराने लिहीत नाही. कमलला माझ्या भावाकडे कामठीला पोचवलं. मीही मागाहून तिथेच राहायला जाणार होते. भाऊ चांगला होता, पण भावाच्या घरी नवरा जिवंत असून कपाळावर कुंकू मिरवत राहायचं म्हणजे काय, हे बायकांना वेगळं सांगायला नको. मी ट्रंक भरली, भांडी बांधली. दिनूची कुंची हातात आली तेव्हा ती कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

संन्यास घेण्याआधी माणूस देवांची, ऋषींची, पितरांची श्राद्धं करतो आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं. आपल्या हाताने आपलाच पिंड द्यायचा, मग तो संसाराला मेला. त्या सकाळी देवळाच्या ओवरीत चूल मांडून मी पिंडांचा भात शिजवला. नवरा जिवंत असताना त्याच्या पिंडाचा भात शिजवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भटजींनी विचारलं, "बाई, संमती आहे?" मी चार माणसांसमोर स्वच्छ म्हटलं, "आहे." हा शब्द तोंडातून गेल्यावर अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं. माझ्या हातात धरून ठेवायला काही उरलं नव्हतं.

विधी सुरू झाला. जानवं बदललं, दर्भ, तीळ, पाणी. आजे-पणजे, आई-वडील, सगळ्यांची नावं यांनी खणखणीत आवाजात घेतली. म्हातारे महाराज खांबाला टेकून बसले होते. शेवटचा भात उरला. भटजी म्हणाले, "आता स्वतःचं गोत्र आणि नाव म्हणा." यांनी तो भात हातात घेतला आणि तसेच बसून राहिले. मग त्यातून एक लहानसा गोळा वेगळा काढला.

"हा आधी," ते म्हणाले.

"हा कोणाचा?"

"मुलाचा."

भटजी गोंधळले. "अहो, जावळ नाही झालं अशा लेकराले पिंड नसते. शास्त्रात त्याची जागाच नाही." हे गोळा खाली ठेवेनात. भटजींनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "ठेवू द्या भटजी. भात काही कमी नाही पडून राहिला."

यांनी गोत्र उच्चारलं. मग "दिनकर" म्हटलं. त्यापुढे मंत्राचे शब्द यायला हवे होते, ते आले नाहीत. "दिनू," ते म्हणाले, मग पुन्हा म्हणाले, "माझा दिनू मेला हो," आणि पुढे वाकता वाकता त्यांचं कपाळ जमिनीला लागलं. असं रडणं मी कोणा पुरुषाचं त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. उन्हाळ्यात नदीकाठी मातीत ठेवलेलं मूल त्यांनी त्या सकाळी खरोखर ठेवलं. मी उठून जवळ गेले नाही. मला आनंद झाला होता, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

रडणं ओसरलं तेव्हा त्यांच्या मुठीत स्वतःच्या पिंडाचा भात तसाच होता. भटजी वाट पाहत होते. यांनी मुठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. महाराज उठले, यांची मूठ उघडून भात आपल्या हातात घेतला, पायऱ्यांवर गेले आणि तलावातल्या माशांना टाकला. परत येऊन म्हणाले, "आज एवढंच. घरी जाय."

"म्हणजे मी अधिकारी नाही का महाराज?"

"ज्याले जन्मला नाही म्हणाचं हाये, त्याले आधी मेला म्हणता आलं पाह्यजे. ते आज आलं तुले. पुढचं होईन, त्याची काही घाई नाही." मग इकडेतिकडे पाहून त्यांनी विचारलं, "पोरगी कुठं हाये?"

"मामाकडे. कामठीला."

"मंग आण ना तिले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दर्शनाला गेलो तेव्हा ओवरी रिकामी होती. पहाटेच निघून गेले, कुठे ते सांगितलं नाही, असं पुजारी म्हणाला. पुढे पुष्कळ वर्षं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या संन्याशांना विचारत राहिलो, पत्ता लागला नाही. बंगल्यातल्या स्वामींना मी खोटं म्हणत नाही. त्यांनाही कळलेलं असेल. त्या दिवशी त्यांच्यापुढे वाक्यच आलं आणि माणूस पडद्याआड राहिला, असंही असेल. कोणाला किती कळलं हे तोलण्याचं काम मी टेकडीवर ठेवून आले, ते परत उचललं नाही. लोक मला म्हणतात, तुम्ही सोडलं म्हणून तुम्हाला परत मिळालं. असा हिशेब मला मांडता येत नाही. हे त्या सकाळी गेले असते, तर मी आज कोणत्या तोंडाने काय लिहिलं असतं, मला माहीत नाही. एवढंच ठाऊक आहे की मी हो म्हटलं तेव्हा परत मिळेल म्हणून म्हटलं नव्हतं, आणि तो मोकळा झालेला हात ही माझी कमाई नव्हे. तो कोणीतरी हलकेच धरून उघडला होता. ज्यांनी काटा काढायच्या आधी पाय धरला, त्यांना मी अजून रोज दिवा लावताना नमस्कार करते, आणि आता हात नुसता सवयीने हलत नाही.

विधी अर्धा राहिला त्याच दिवशी संध्याकाळी कामठीहून कमलला घेऊन आम्ही घरी आलो. बांधलेल्या भांड्यांतून मी तवा आणि परात सोडली आणि कणकेचा डबा शोधू लागले. हे दारात उभे होते. म्हणाले, "पोळ्या नको करू. भाकरी टाक." मी ज्वारीचं पीठ काढलं. ती दोघं पाटावर बसली. पहिली भाकरी टम्म फुगली, ती मी यांच्या ताटात वाढली. यांनी वाफ निघून जाऊ दिली, दोन बोटांनी वरचा पापुद्रा सोलला आणि सवयीने ताटाच्या कडेला ठेवला. मग त्यांनी तो उचलून कमलच्या ताटात ठेवला आणि म्हणाले, "दिनूचा आहे. आता तू खात जा." कमलने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने तो खाल्ला आणि मी दुसरी भाकरी थापायला घेतली.